अहवालातलं मूल आणि घरी येणारं मूल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही डिचोलीत राहता. तुमचं वय ३८, यजमानांचं ४१, मुलगी आठ वर्षांची. दुसरं मूल दत्तक घ्यायचं म्हणून काराच्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) पोर्टलवर नोंदणी केलीत, गृहभेटीचा अहवाल मंजूर झाला. निरोगी बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागेल असं कळलं, आणि मग विशेष गरजा असलेल्या मुलांच्या यादीत एक मुलगा दिसला. वय २ वर्षं ४ महिने, परराज्यातल्या संस्थेत. अहवाल सांगतो : मुदतपूर्व जन्म, जन्मतः वजन १.६ किलो, विकासात विलंब, धरून उभा राहतो पण चालत नाही, दोन-तीन शब्द बोलतो, एकदा फिट येऊन गेली, ऐकण्याबद्दल शंका. हो की नाही ते सांगायला जेमतेम तीन आठवडे उरलेत. सासूबाई म्हणतात, "चांगलं मूल मिळत असताना हे कशाला? आमच्यामागे त्याला कोण बघणार?" आणि तुम्ही विचारता, "हा मुलगा पुढे नॉर्मल होईल का? आणि आम्ही त्याला आणलं तर आमच्या मुलीवर अन्याय होईल का?"

मी विशेष शिक्षिका आहे. गेली बावीस वर्षं गोव्यात लहान मुलांबरोबर काम करते. त्यातला एक भाग दत्तक घरांचा : मूल येण्याआधी अहवाल वाचून द्यायचा, आणि आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं त्या घराच्या सोबत राहायचं. या अनुभवावर सांगते, "नॉर्मल होईल का" याचं उत्तर या अहवालावरून कुणालाच देता येणार नाही. कुणी छातीठोकपणे दिलंच तर त्याचा सल्ला बाजूला ठेवा. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तीन आठवड्यांत शोधता येतं. तो असा : हा मुलगा आज आहे तसाच राहिला, फार तर थोडा पुढे सरकला, तरी आपलं घर त्याचं घर होईल का?

असं का म्हणते ते सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी फोंड्याकडचं एक जोडपं असाच अहवाल घेऊन आलं होतं. मुलगी दीड वर्षाची, हसरी, नुकती बसायला लागलेली. मी तिला पाहिलंही होतं. आईने विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "शाळेच्या वयापर्यंत सगळं भरून निघेल." मला त्यांना धीर द्यायचा होता. मुलगी घरी आली, चालायला लागली, पण बोलणं आलं नाही. चार वर्षांची होईपर्यंत ऑटिझमचं निदान झालं. त्या आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त एक दिवस थेरपी संपल्यावर, मुलीच्या पायात चपला घालता घालता, मान वर न करता म्हणाल्या, "ताई, ही मागे पडली नाहीये. तुम्ही सांगितलेल्या मुलीच्या मागे पडलीय." ती मुलगी आजही त्यांचीच आहे, मोठी झालीय, घरात तिचा जीव रमलाय. पण पहिली दोन-अडीच वर्षं त्या घरात एक न आलेलं मूल वावरत होतं, आणि ते मी पाठवलेलं होतं. तेव्हापासून मी भाकीत करणं सोडलं. अहवाल मात्र पूर्वीपेक्षा जास्त बारकाईने वाचते. तुमचाही तसाच वाचू.

सुरुवात "विकासात विलंब" या शब्दांपासून. हे निदान नाही. वयाच्या मानाने मूल मागे आहे, एवढीच ती नोंद आहे, कारण त्यात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बुद्ध्यांकाच्या चाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टर या वयात बौद्धिक अक्षमता असा शिक्का मारत नाहीत, विलंब म्हणतात. त्या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळी मुलं येतात : मेंदूला जन्माच्या वेळी इजा झालेलं, ऐकू न येणारं, ऑटिझमचं, एखादा आनुवंशिक आजार असलेलं, आणि ज्याच्याशी दिवसभरात कुणी दहा मिनिटंही बोललेलं नाही असंही.

या शेवटच्या गटाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. रुमानियात, बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एक गट पालक कुटुंबांत गेला, दुसरा नेहमीच्या संस्थात्मक काळजीत राहिला. २००७ साली निष्कर्ष छापून आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ स्पष्टपणे चांगली होती, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वांत चांगली. म्हणजे घर हेही औषध आहे, आणि ते जितक्या लवकर तितकं बरं. पण याच अभ्यासाचा दाखला देऊन लोक एक गोष्ट विसरतात. ठळक आनुवंशिक आजार असलेली किंवा डोक्याचा घेर फार लहान असलेली मुलं त्यात घेतलेलीच नव्हती. तुमचा मुलगा दोन वर्षं ओलांडून गेलाय आणि त्याच्या कागदावर मुदतपूर्व जन्म आहे, फिट आहे. त्याच्या विलंबातला किती भाग संस्थेचा आणि किती मेंदूचा, हे घरात सहा-आठ महिने काढल्याशिवाय उलगडत नाही. ते आधीच गृहीत धरू नका.

मग मुदतपूर्व जन्म. गर्भधारणेचे किती आठवडे भरले होते ते विचारा. दोन महिने आधी जन्मलेल्या मुलाचं वय मोजताना डॉक्टर साधारण दोन वर्षांपर्यंत ते दोन महिने वजा करतात. आता तो सव्वादोन वर्षांच्या पुढे आहे, त्यामुळे न चालण्याचं सगळं खापर त्या दोन महिन्यांवर फोडता येणार नाही. नवजात विभागात किती दिवस होता, ऑक्सिजन किती दिवस लागला, काविळ किती चढली होती आणि रक्त बदलावं लागलं का, हे डिस्चार्जच्या कागदावर असतं. काविळीचा प्रश्न मुद्दाम विचारा, कारण ती फार वाढली तर कानावरही परिणाम होतो आणि हालचालींवरही. आणि डोळ्यांची तपासणी : कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्यात दोष राहू शकतो. तो वेळीच पाहिला गेला होता का?

पाय. "धरून उभा राहतो" एवढ्याने मला काही कळत नाही. संस्थेकडून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मागून घ्या, पायात चड्डीपलीकडे काही नसताना. उभा राहताना टाचा जमिनीला टेकतात का? चवड्यांवरच असतो का? पाय एकमेकांवर कात्रीसारखे येतात का? रांगताना दोन्ही गुडघे आळीपाळीने पुढे येतात की सशासारखा दोन्ही पाय एकदम टाकतो? कमी वजनाच्या मुलांत दोन्ही पायांचे स्नायू ताठर असणं, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार, वरचेवर दिसतो. तसं असलं तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसायला लागलेली बहुतेक मुलं पुढे चालतात. काही मोकळी, काही बूट-पट्टे घालून, काही वॉकर धरून. म्हणून विचारायचं ते "बसायला कधी लागला?" हे. या एका उत्तराला माझ्या लेखी अख्ख्या अहवालापेक्षा जास्त वजन आहे.

फिट. ताप होता का? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात झटका येतो, आणि तो साधा, एकदाच आलेला असेल तर सहसा मागे काही ठेवून जात नाही. ताप नसताना आली असेल, किंवा जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आली असेल, तर गोष्ट वेगळी. आज औषध चालू आहे का आणि कुठलं? एक अनुभव सांगून ठेवते. जन्माच्या वेळच्या झटक्यांसाठी सुरू केलेलं फेनोबार्बिटोन कुणी बंद करायचं म्हणून विचारलंच नाही, आणि दोन वर्षांनंतरही मूल त्या गुंगीत वावरतंय, असं मी पाहिलंय. ते औषध मुलाला मंद करतं. पण स्वतःहून कधीच बंद करायचं नाही. मेंदूविकारतज्ज्ञ ते उतरणीने कमी करतात.

डोक्याचा घेर अहवालात एकच दिला असेल, बहुधा अलीकडचा. एका आकड्याने काही ठरत नाही, आकड्यांची रांग बघावी लागते. सहा महिन्यांचा, वर्षाचा, दीड वर्षाचा घेर नोंदलेला असेल तर मागवा. लहान असून स्वतःच्या रेषेने वाढत राहिलेलं डोकं वेगळं, आणि वाढायचं थांबलेलं डोकं वेगळं.

ऐकण्याबद्दलची शंका ही या सगळ्यात लवकर मिटवता येण्यासारखी गोष्ट आहे, आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. सत्तरीतल्या एका घरी अडीच वर्षांची मुलगी आली होती, अहवालात हीच ओळ. हाक मारली तर बघायची नाही, टाळी वाजवली तर बघायची नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंय-पोंय भोंगा दूर वाटेवर वाजला आणि ती झोपेतून उठून दाराच्या दिशेने वळली. आईने मला सात वाजता फोन केला, आवाज रडवेला झालेला : "बाई, तिला ऐकू येतं!" मलाही आनंद झाला, पण तरी म्हटलं, बेरा ही कानाची तपासणी करून घेऊ. एका कानात मध्यम दर्जाचा बहिरेपणा निघाला. भोंगा चांगल्या कानाने ऐकला होता. नुसत्या भोंग्यावर विसंबून राहिलो असतो तर तिचं वर्ष वाया गेलं असतं. म्हणून संस्थेला विचारा : बेरा झाली आहे का? झाली नसेल तर निर्णयाआधी करून द्याल का? परराज्यातून होणार नसेल तर घरी आल्यावर पहिल्या महिन्यातलं पहिलं काम ते.

अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवायचा तुम्हाला हक्क आहे, तो वापरा. बालरोगतज्ज्ञ चालतील, विकासाचं काम करणारे असतील तर उत्तम. पण कागद कितीही वाचले तरी मुलाला भेटल्याशिवाय निर्णय घेऊ नका. आणि भेट अर्ध्या तासाची नको. दोन दिवस जा, एकदा तरी जेवणाच्या वेळेला, आणि जमलं तर झोपायच्या वेळेला.

तिथे काय बघायचं? तो तुमच्याकडे आला की नाही, हे बघू नका. संस्थेतली पुष्कळ मुलं कुणाकडेही धावत जातात, गळ्यात हात टाकतात, आणि आपल्याला वाटतं, बघा, पहिल्याच भेटीत माया लागली. खरं तर कुणा एकाची ओढ निर्माण व्हायची संधीच न मिळाल्याची ती खूण असते. त्याउलट एखाद्या मावशीच्या पदराआड लपून तुमच्याकडे बघणारं, तुम्ही उचललंत तर रडणारं मूल असेल तर मी मनातून खूश होते. त्याला एक माणूस आपलं वाटतंय, म्हणजे उद्या दुसरंही वाटू शकेल. पडला, लागलं, तर तो रडतो का, आणि रडत कुणाकडे जातो? हातातली वस्तू दुसऱ्याला दाखवायला वर धरतो का? तुम्ही बोट केलंत त्या दिशेला बघतो का, की बोटाकडेच बघत राहतो? यातलं काही नसलं म्हणजे नकार द्या असं नाही. फक्त तुम्हाला काय दिसलं ते त्याच रात्री लिहून ठेवा, आणि परत आल्यावर तुमच्या डॉक्टरांना तेच वाचून दाखवा.

आता घराकडे वळू. यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे आणि ती मला दिसत नाही. घरी बसून एक कागद घ्या आणि त्यावर साधा आठवडा मांडा. मंगळवारी सकाळी दहाला फिजिओथेरपी आहे, कोण नेणार? त्या दिवशी मोठीची शाळा लवकर सुटली तर? जून-जुलैच्या पावसात, पाठीचा कणा नीट न धरणाऱ्या मुलाला स्कूटरवर नेता येत नाही. तेव्हा गाडी कुणाकडे असेल? नोकरी कुणी कमी करायची असेल तर ती कुणी, आणि ते आईच असंच गृहीत धरलंय का? बऱ्याच घरांत हा प्रश्न कधी बोललाच जात नाही, आणि वर्षभराने आई थकून कोसळते. यजमानांनी या आठवड्यात स्वतःचे किमान दोन चौकोन भरले नाहीत, तर मला काळजी वाटेल.

सोयींच्या बाबतीत तुम्ही अगदीच आडबाजूला नाही. विशेष मुलांसाठी डिचोलीतच केशव सेवा साधना आहे, पर्वरीला संजय स्कूल आहे, फोंड्याला ढवळीत लोकविश्वास प्रतिष्ठान आहे, बार्देशात सेतू हे बालविकास केंद्र आहे, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. प्रत्येक ठिकाणी सगळं मिळत नाही आणि रांगा असतात, म्हणून मूल यायच्या आधीच जाऊन बोलून या, वेळ मागून ठेवा. तरीही एक लक्षात घ्या : थेरपिस्टच्या वाट्याला तो आठवड्यातून दोन-तीन तास येणार, बाकीचा सगळा वेळ तुमच्याकडे. बादलीतून तांब्याने पाणी घेणं, पायरी चढताना कठडा धरणं, शेंगा निवडायला बसणं, यातूनच त्याचे हात-पाय आणि भाषा तयार होणार.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. २०२१च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्याआधीच मूल पूर्व-दत्तक संगोपन म्हणून तुमच्या घरी येतं. नंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी असते. त्या पाहणीला येणाऱ्या बाईंपासून अडचणी लपवू नका. "सगळं छान" असं तीन वेळा सांगून चौथ्या वेळी एकदम कोसळलेली घरं मी पाहिली आहेत. मुलाची अक्षमता ठरली की यूडीआयडी कार्ड, म्हणजे अक्षमतेचं ओळखपत्र, काढा, पुढच्या बहुतेक सवलतींना तेच लागतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविध अक्षमता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आहे. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतही अक्षमता असलेल्यांना मासिक साहाय्य मिळतं. जुन्या करप्रणालीत असाल तर अशा अवलंबितासाठी ७५ हजारांची वजावट आहे, अक्षमता तीव्र असेल तर सव्वा लाखाची.

सासूबाईंच्या बोलण्याने तुम्ही दुखावल्या आहात हे तुमच्या पत्रातून दिसतं. पण त्यांच्या दोन वाक्यांतलं दुसरं वाक्य नीट ऐका. "आमच्यामागे कोण बघणार" हा या सगळ्यातला सर्वांत शहाणा प्रश्न आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका तो कोंकणीत विचारतात, "आमचे मागीर ताका कोण पळयतलो?" आणि सुना रागावतात. रागावू नका, त्यांना बरोबर घेऊन उत्तर शोधा.

त्या उत्तराचा काही भाग कायद्यात आहे. दत्तक मूल कायद्याने पोटच्या मुलाइतकंच तुमचं. गोव्यात मुलांसाठी वारशाचा निम्मा हिस्सा राखीव असतो, आईबापांना तो मन मानेल तसा दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे घर, भाट (बागायत), जे काही असेल त्यात त्याचा वाटा येणारच. तेव्हा तो वाटा त्याच्या उपयोगी कसा पडेल, याचा विचार आत्ताच जाणत्या वकिलाबरोबर करा. भावकीतला एखादा "हे परकं पोर वाटणीला येणार" म्हणून नाराज असेल तर तेही आत्ताच उघड होऊ दे. अठरा वर्षांनंतर त्याला स्वतःचे व्यवहार करता आले नाहीत, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून त्याचा कायदेशीर पालक नेमता येतो. उत्तराचा उरलेला भाग माणसांचा आहे. तुम्हा दोघांशिवाय त्याला ओळखणारी, त्याचं बोलणं समजणारी निदान तीन-चार माणसं तयार करणं, हे पहिल्या वर्षापासूनचं काम. सासूबाई त्यातल्या पहिल्या होऊ शकतात. मी हे घडताना पाहिलंय, आणि सर्वांत जास्त विरोध केलेली आजीच पुढे मुलाला देवळात कडेवर घेऊन जाताना पाहिलीय. पण ते होईलच असं धरून चालू नका. होईल इतकी जागा ठेवा.

मुलीवर अन्याय होईल का? होऊ शकतो, दोन प्रकारांनी. एक, तिला छोटी आई बनवलं तर. "तू मोठी ना, बघ जरा त्याच्याकडे," हे दिवसातून दहा वेळा तिच्या कानावर पडायला लागलं की समजा घसरण सुरू झाली. दुसरा प्रकार म्हणजे तिच्या मोठेपणी त्याची जबाबदारी तिचीच असं न सांगता ठरवून टाकणं. तो निर्णय ती मोठी झाल्यावर तिचा तिने घ्यायचा. तोवर तुमची योजना तिच्याशिवाय उभी राहिली पाहिजे. आज तिला खरं सांगा : येणारा भाऊ लगेच खेळणार नाही, कदाचित बराच काळ बोलणार नाही, तुझे खेळ मोडेल. तिचं कपाट, तिची एक जागा, आणि आठवड्यातला एक ठरलेला वेळ फक्त तिचा आणि तुमचा. आठ वर्षांच्या मुलांना खोटं चटकन कळतं, खरं मात्र ती चांगलं पेलतात.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी विचारते, कारण तो तुमच्या पत्रातच आहे. ही यादी तुम्ही उघडलीत ती रांग लहान आहे म्हणून. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पुष्कळ जण त्याच वाटेने येतात. पण उद्या फोन आला की तीन महिन्यांत निरोगी बाळ मिळेल, तर तुम्ही या मुलाला सोडाल का? दोघांनी वेगवेगळं बसून उत्तर लिहा, मग एकमेकांना दाखवा. "हो, सोडू" असं आलं तर थांबा, रांगेत राहा. त्या मुलाला दुसरं घर मिळू शकेल, पण घरी आणून परत पाठवलेल्या मुलाचं काय होतं ते मी दोनदा पाहिलंय, आणि त्याबद्दल इथे लिहवत नाही. "पुण्याचं काम आहे" म्हणून घेणाऱ्यांनाही मी हेच सांगते. पुण्य करणारा आभाराची वाट बघतो, आणि तीन वर्षांचं मूल आभार मानत नाही, ताट भिरकावतं.

घरात कुठली भाषा बोलायची, असंही एका ओळीत विचारलंय : मराठी, कोंकणी की शाळेसाठी इंग्रजी? जी तुमच्या तोंडात सहज येते ती. बोलण्यात मागे असलेल्या मुलाला दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं आणखी मागे पडत नाही. आईने मात्र ओढूनताणून इंग्रजी बोलायला घेतलं की त्याला मिळणारी भाषाच आटते. फक्त त्याच्या संस्थेतल्या भाषेचे वीसेक शब्द शिकून या : पाणी, दूध, झोप, दुखतंय, ये, संपलं. पहिले काही आठवडे त्याला तेवढाच ओळखीचा आवाज असेल.

आणि आणलंच तर पहिल्या दिवसांबद्दल थोडं. भरवणं, अंघोळ आणि झोपवणं पहिले काही महिने तुम्हा दोघांच्याच हातून होऊ दे. पाहुण्यांनी मांडीवरून मांडीवर फिरवू नये. आजीने संध्याकाळी दिवा लावताना त्याला जवळ बसवावं, गावं, पण घास तुमच्या हातचा. पहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जमेल तेवढी लहान करा. गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली पन्नास माणसं, घुमटवादन, फटाके हे सगळं त्याला एकदम झेपणार नाही. वाळपईजवळच्या एका घरात आलेला मुलगा अडीच वर्षांचा होता तरी फक्त पातळ पेज गिळायचा, दात सगळे होते. संस्थेत एका मावशीला सहा मुलांना भरवायचं असतं, पातळ लवकर उतरतं, आणि चावायचं शिकायचं वय निघून जातं. आईने पेज रोज एका चमच्याने दाट केली, मग त्यात बोटाने कुस्करलेला भात, मग चेचलेली भोपळ्याची फोड. घाई केली की ठसका लागायचा, म्हणून ती त्याला ताठ बसवून, समोर बसून, एकेक घास देत राहिली. सव्वादोन महिन्यांनी त्याने पोईचा (गोव्यातल्या पावाचा) कडक काठ तिच्या हातातून ओढून घेतला आणि कुरतडला. तिने तो तुकडा मला दाखवायला कागदात गुंडाळून ठेवला होता.

भेटायला जाल तेव्हा संस्थेतल्या मावशीला विचारा, तो झोपताना काय करतो. काही मुलं डोकं उशीवर आपटत झोपतात, काही स्वतःला झुलवतात, काहींना कानाची पाळी चोळावी लागते. ते कळलं तर पहिल्या रात्री घाबरणार नाही. त्याची रोजची चादर मागून आणा, आणि घरी आल्यावर ती धुवू नका, वास गेला की त्याच्या ओळखीचं काहीच उरत नाही. मावशीचा आवाज फोनवर टिपून घ्या, त्याच्या नावाने हाक मारताना.

डिस्चार्जचे कागद आणि उभं राहण्या-रांगण्याचा व्हिडिओ हाती आला की मला कळवा. आपण तो एकत्र बसून बघू.